वाचणारे हात

टाउन हॉलच्या ३० पायऱ्या चढायच्या तर भर दुपारी चढाव्यात. सकाळी त्या फोटो काढणाऱ्यांच्या असतात, संध्याकाळी कचेऱ्या सुटल्या की जोडप्यांच्या. दुपारी त्या कुणाच्याच नसतात. समोरच्या हॉर्निमन सर्कलमधल्या झाडांच्या सावल्या बुंध्यांशी गोळा झालेल्या, दगड तापून पांढरा पडलेला, कबुतरंसुद्धा आडोशाला गेलेली, आणि खालून मान वर केली की १८३३ साली बांधून पुऱ्या झालेल्या या इमारतीचे ते जाडजूड ग्रीक धाटणीचे खांब उन्हात असे काही उभे दिसतात की आपण ग्रंथालयात निघालो आहोत की कुण्या अनोळखी देवाच्या देवळात, याचा क्षणभर उलगडाच होत नाही. मग दार येतं. ऊन उंबऱ्याबाहेर राहतं. डोळ्यांपुढे हिरवा-काळा अंधार तरळतो आणि डोळे सरावण्याआधीच नाकाला कळतं, की आपण आलो.

जुन्या कागदाचा वास.

या वासात थोडं सादळलेपण आहे, चामड्याच्या बांधणीचा दर्प आहे, लाकडी कपाटांची जुनी ऊब आहे आणि अगदी तळाशी कुठेतरी समुद्र आहे, कारण बंदर इथून हाकेच्या अंतरावर. एशियाटिक सोसायटीच्या या वाचनदालनात मी कधी कामासाठी येते, कधी नुसतीच. नुसती येते तेव्हा मनाशी एक खेळ मांडते. लांबलचक टेबलांवरून नजर फिरवते आणि दुर्गाबाई कुठे बसत असतील ते ठरवते. कधी खिडकीशी, जिथे दुपारचा एक तिरपा पट्टा टेबलावर उतरतो आणि तासाभरात सरकत सरकत जमिनीवर येतो. कधी पार आत, जिथे दिवसाही दिवा लागतो. कुणाला विचारलं तर नेमकी जागा दाखवणारं माणूस मिळेलही. मी विचारत नाही. एक खुर्ची ठरली की बाकीच्या सगळ्या रिकाम्या होतील असं उगाच वाटतं.

दुर्गा भागवत इथे किती वर्षं येत होत्या, त्याचा हिशोब दशकांतच करावा लागतो. संस्कृत, पाली, मानववंशशास्त्र, लोककथा, वनस्पती, पाकशास्त्र, कशाकशाची पुस्तकं त्यांच्यापुढे येऊन गेली असतील. पुस्तकांवर जीव टाकणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. त्यांतली बरीचशी पुस्तकात शिरतात आणि तिथेच राहतात. हाक मारली तर ओ देतात, पण आतून. जेवायला बोलावलं तर पानावर बसतात आणि भाजी कसली होती ते त्यांना संध्याकाळी आठवत नाही. दुर्गाबाई त्या जातीच्या नव्हत्या. त्यांचं वाचन डोळ्यांतून आत गेलं की खाली हातांत उतरायचं. या बाईंनी भरतकाम केलं, विणकाम केलं, चुलीपुढे बसून मन लावून रांधलं, आणि 'खमंग' नावाचं पाककृतींचं पुस्तकही त्यांच्या नावावर आहे. छायाचित्रांत आपण त्यांचा चेहरा पाहतो, तो करारी चेहरा. मला हात पाहायचे असतात. पानाचा कोपरा अंगठ्याने उचलणारे, सुईत दोरा ओवणारे, फोडणीच्या आधी मोहरी चिमटीत घेऊन थांबणारे.

एकच हात.

'लोकसाहित्याची रूपरेखा' लिहिणारी बाई आणि 'खमंग' लिहिणारी बाई एकच आहे, हे सांगितलं की लोक कौतुकाने हसतात. विदुषी असूनही स्वयंपाक छान करायच्या हो, असं म्हणतात. त्या 'असूनही'ने माझ्या कपाळावर आठी चढते. पहाटेच्या अंधारात जात्याशी बसलेल्या बाईच्या तोंडून ओवी पडत होती तेव्हाच जात्याच्या पाळीतून पीठही पडत होतं. दोन्हींना एकाच खुंट्याची गती होती, एकाच दंडाचा जोर होता. आपण शिकल्यासवरलेल्यांनी ओवी तेवढी उचलून वहीत नेली आणि पिठाला विसरलो. दुर्गाबाई विसरल्या नाहीत. भाकरी थापताना हाताला जे कळतं तेही ज्ञान आहे, आजीकडून आईकडे आणि आईकडून लेकीकडे कुठल्याही पोथीवाचून पोचलेलं, आणि जातककथा जशी गावोगाव रूप बदलत फिरते तशी आमटीही फिरते, हे त्यांना ग्रंथालयातही ठाऊक होतं आणि चुलीपुढेही.

त्या जन्मल्या इंदुरात, १९१० च्या फेब्रुवारीत. घर रसायनशास्त्राचं. वडील आणि काका दोघेही बंगळूरच्या विज्ञानसंस्थेत शिकलेले. मला त्या घराची दुपार डोळ्यांपुढे आणायला आवडतं. कुठे काचेच्या नळीचा किणकिणाट, कुठे पाटीवरची पेन्सिल, कुठे श्लोकाचा ठेका. आणि दोन बहिणी. धाकटी कमला पुढे परीक्षानळीकडे गेली. १९३३ साली बंगळूरच्या त्याच संस्थेने, खुद्द सी. व्ही. रामन संचालक असताना, मुलगी म्हणून तिला प्रवेश नाकारला, तेव्हा ती मुकाट घरी परतली नाही. हट्टाने उभी राहिली आणि अटी पत्करून का होईना, आत गेली. पुढे केम्ब्रिजची पीएच.डी. घेऊन आली, नीरेसारख्या साध्यासुध्या पेयातली पोषणद्रव्यं तपासत राहिली. त्या कमला सोहोनी. थोरली दुर्गा स्वातंत्र्याच्या चळवळीपायी कॉलेज सोडून आली, परत शिकली आणि पोथ्यांकडे, कथांकडे, रानाकडे गेली. दोघींच्या वाटा लांबून पाहिल्या तर विरुद्ध दिशांना जातात. जवळून पाहिलं की एकीचा हट्ट दुसरीत दिसायला लागतो. नाकाचा उंचवटा घराण्यात उतरतो, तसा नकारही उतरत असावा.

दुर्गाबाईंनी लग्न केलं नाही. अशा बाईबद्दल लिहिताना 'त्यांनी पुस्तकांशीच संसार मांडला' असं एक वाक्य हटकून लिहिलं जातं. वाचलं की मला पान उलटावंसं वाटतं. घर त्यांना होतं, भावंडं होती, स्वयंपाकघरातला धूर आणि दुखणीखुपणी होती, आल्यागेल्याच्या पानात काय वाढायचं याची चिंता होती. कुटुंबाला त्यांच्या आयुष्यात पुस्तकाशी भांडून जागा मिळवावी लागली नाही. एकाच दिवसात ती दोन्ही शेजारी शेजारी बसत. बाईच्या आयुष्याचा ताळा मांडताना आपल्याला दोनच रकाने सुचतात, घर आणि बाहेर. आणि जी बाई दोन्हींत मावत नाही तिला आपण असामान्य म्हणून बाजूला ठेवतो.

मग रान येतं.

तरुण वयात त्या मध्य प्रांतातल्या गोंडांमध्ये हिंडल्या. त्यांच्या गोष्टी ऐकल्या, गाणी टिपली, त्यांचे देव, त्यांच्या भुतांच्या कहाण्या, त्यांची झाडांशी असलेली नाती समजून घेतली. 'महानदीच्या तीरावर' ही कादंबरी त्या रानातून आली. आणि त्याच रानात सुरण खाण्यात आला आणि विषबाधा झाली. साधा कंद. आपल्याकडे चिंचेच्या पाण्यात उकडून, काळजी घेऊन करतात तोच. पण रानातला, खवखवणारा, शरीरात शिरून वर्षानुवर्षं न सोडणारा. हिंडणारी बाई अंथरुणाला खिळली. पीएच.डी.चं काम हातचं गेलं. ज्या पायांनी डोंगर उतरले ते पाय पलंगावर, आणि जगाचा आकार खिडकीएवढा.

या काळाविषयी विचार करताना मी नेहमी थबकते. आजारी माणसाची दुपार ज्याने पाहिली असेल त्याला कळेल. भिंतीवरचा उजेड इतका हळू हलतो की तो हलताना दिसतच नाही. डोळा लागतो आणि उघडतो तेव्हा तो कोनाड्यातून निघून दाराच्या बिजागरीवर आलेला असतो. रस्त्यावर कल्हईवाला ओरडतो. लांब कुठे तरी कुणी कपडे आपटतं. एक कावळा त्याच फांदीवर येऊन बसतो, आणि तोच कावळा आहे हे आपल्याला त्याच्या बसण्यावरून कळायला लागतं. झाड काल कसं होतं आणि आज कसं आहे यातला केसाएवढा फरक ओळखायला निरोगी माणसाला वेळ नसतो. 'ऋतुचक्रा'चं बी अशाच एखाद्या खिडकीत पडलं असावं, असं मी आपलं समजून चालले आहे. याला माझ्याजवळ पुरावा नाही. पण ते पुस्तक हिंडणाऱ्याने लिहिलेलं वाटतच नाही; ते थांबलेल्याने लिहिलंय. १९५६ साली ते आलं, चैत्र ते फाल्गुन बारा महिन्यांचे बारा लेख, आणि त्यात ढग, पालवी, पाखरं, समुद्र, माती, रंग अशा सावकाश, अशा नीट नजरेने पाहिलेले आहेत की वाचणाऱ्यालाही पलंगावर आडवं पडून खिडकीकडे बघितल्यासारखं वाटतं. मुंबईसारख्या शहरात ऋतू असतात हे मराठी माणसाला त्या पुस्तकाने जेवढं दाखवलं तेवढं पंचांगानेही नसेल दाखवलं.

आमच्या आत्याकडे त्याची एक प्रत होती. मिरजेचं घर, मधल्या खोलीत फडताळ, फडताळात वरच्या फळीवर पोथ्या आणि खालच्या फळीवर मोजकी पुस्तकं, त्यात तपकिरी कागदाचं वेष्टण घातलेलं 'ऋतुचक्र'. आत्या फार शिकलेली नव्हती. तिचा एक नेम होता, आणि तो तिला कुणी शिकवलेला नव्हता. महिना पालटला, प्रतिपदा आली, की दिवेलागणीनंतर ती त्या महिन्याचा लेख काढायची आणि मोठ्याने वाचायची. आम्ही मुलं समोर वाल सोलत बसलेली, किंवा शेंगा फोडत. कळायचं किती आणि नाही किती, देव जाणे. शब्द अंगावरून जायचे, पावसाची सर कौलांवरून जावी तसे, आणि थोडे कुठे तरी अडून राहायचे. श्रावणाच्या लेखात ती थांबायची, उठून दाराशी जायची, बाहेर बघायची आणि परत येऊन पुढचं वाक्य वाचायची. जणू बाई खरं लिहितायत ना, याचा पडताळा घेत होती. आषाढाच्या पानावर हळदीचा एक अंगठा उमटला होता. आत्याने तो पुसायचा प्रयत्न केला आणि तो अधिकच पसरला, फिकट होत होत ओळींमध्ये मुरला. दुर्गाबाईंना तिने कधी पाहिलं नव्हतं. पत्रही कधी लिहिलं नव्हतं. पण बोलताना 'दुर्गाबाई म्हणतात' असं ज्या सुरात म्हणायची, त्या सुरात ती फक्त आपल्या सासूबाईंविषयी बोलायची. थोडा धाक, पुष्कळ माया.

ती प्रत आता माझ्याकडे आहे. वेष्टण मी बदललेलं नाही.

पुस्तकं माणसाला कुठे कुठे नेतात. दुर्गाबाईंचं 'पैस' वाचलं आणि काही वर्षांनी नेवाशाला गेले. मार्गशीर्षातली सकाळ होती, प्रवरेकाठी धुकं, उसाच्या शेतांवरून येणारा ओला गोडसर वारा. ज्या खांबाला टेकून ज्ञानदेवांनी ज्ञानेश्वरी सांगितली असं मानतात तो दगडी खांब. भोवती आता मंदिर आहे, गजबज आहे. खांब मात्र अगदी साधा. त्यावर मूर्ती नाही, नजर अडेल असं काही नाही. त्याच्यासमोर उभं राहून दुर्गाबाईंना काय वाटलं ते 'पैस'मध्ये आहे, ते इथे सांगत नाही. ते तिथेच वाचावं. मी तळवा टेकवला. दगड गार होता, पण आत कुठे तरी ऊब असावी असा गार. शेजारी एक म्हातारी कपाळ टेकवून उभी होती, ओठ हलत होते, डोळे मिटलेले. मला एकदम वाटलं, या दोघी इथे एकाच वेळी आल्या असत्या तर दुर्गाबाईंनी खांबाइतकंच या म्हातारीकडेही पाहिलं असतं. तिच्या लुगड्याचा काठ, कपाळावरचं गोंदण, ओठांवरची ओवी कुठल्या मुलखातली, सगळं. पंढरी, नेवासं, द्वारका, त्या जिथे जिथे गेल्या तिथे तिथे देव आणि देवाकडे आलेली माणसं त्यांना सुटी करून पाहता आली नाहीत. या पुस्तकाला १९७१ चं साहित्य अकादमीचं पारितोषिक मिळालं.

महाभारताकडेही त्या तशाच गेल्या. 'व्यासपर्व' १९६२ चं. त्यातल्या द्रौपदीविषयी, अश्वत्थाम्याविषयी मी पूर्वी फार बोलायचे. आता बोलत नाही, नुसती वाचते. पालीतून त्यांनी जातककथा मराठीत आणल्या, एक-दोन निवडक नव्हे, सिद्धार्थ जातकाचे सात खंड. साडेपाचशेच्या आसपास कथा, आणि त्यांत बोधिसत्त्व कधी ससा होतो, कधी हत्ती, कधी माकड, कधी झाडावरची देवता. एका बाईने एका टेबलाशी बसून, वर्षामागून वर्षं, एका प्राण्यामागून दुसऱ्या प्राण्याचा जन्म आपल्या भाषेत लिहून काढला. किती दुपारी लागल्या असतील! टेबलावर उतरणारा तो उन्हाचा पट्टा किती वेळा जमिनीवर आला असेल आणि विझला असेल.

आणि थोरो. अमेरिकेतल्या एका तळ्याकाठी झोपडी बांधून राहिलेला, सरकारची धोरणं पटत नाहीत म्हणून कर द्यायचं नाकारून १८४६ साली एक रात्र तुरुंगात काढलेला तो विक्षिप्त, सुंदर माणूस. त्याचं 'वॉल्डन' दुर्गाबाईंनी १९६५ मध्ये मराठीत आणलं, 'वॉल्डनकाठी विचारविहार'. झाडं, पाणी, ऋतू आणि तुरुंग एकाच माणसाच्या आयुष्यात मावतात, हे त्याच्या सहवासात त्यांना पानोपानी भेटत राहिलं असणार. भाषांतर करणाऱ्याला मूळ लेखकाच्या फार जवळ बसावं लागतं, श्वास ऐकू येईल इतक्या जवळ.

११ वर्षांनी त्यांच्यासाठी पोलीस आले.

त्याआधी कऱ्हाड. १९७५ चा डिसेंबर, कृष्णा-कोयनेच्या संगमावरचं ते गाव, आणीबाणी लागून सहा महिने होत आलेले. वर्तमानपत्रांत कोऱ्या जागा, बोलताना माणसं आधी इकडेतिकडे बघणारी. अशा हवेत ५१ वं मराठी साहित्य संमेलन भरलं होतं आणि अध्यक्षपदी दुर्गाबाई होत्या. कुसुमावती देशपांड्यांनंतर त्या पदावर आलेल्या दुसऱ्या स्त्री. स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण, तेव्हाचे केंद्रीय मंत्री. आणि मुंबईत जसलोक रुग्णालयात जयप्रकाश नारायण, त्याच सरकारविरुद्धच्या आंदोलनाचे नेते, आजारी. त्या मांडवात, सत्तेच्या इतक्या जवळ उभ्या राहून, ६५ वर्षांच्या या बाईंनी जयप्रकाशांच्या प्रकृतीसाठी सगळ्यांना उभं राहून प्रार्थना करायला सांगितलं. एवढंच. कुणावर आग ओकणं नाही, मुठी आवळणं नाही. एका आजारी माणसाला बरं वाटू दे, असं जाहीरपणे म्हणणं.

मी तो मांडव पाहिलेला नाही. पण त्याची शांतता मला ऐकू येते. हजारो लोक उठतात तेव्हा आधी धोतरांची, लुगड्यांची, खुर्च्यांची एक मोठी सळसळ होते, वादळाआधी आमराईत होते तशी, आणि मग ती विरते आणि मागे जी शांतता उरते तिच्यात प्रत्येकाला आपापला श्वास ऐकू येतो. भीती त्या मांडवात प्रत्येकाच्या शेजारी उभी असणार. तरी लोक उभे राहिले.

मग १९७६. त्यांना अटक झाली ती इथे, एशियाटिकमध्ये, वाचनालयात. नंतर आर्थर रोडचा तुरुंग. आणि दरवेळी इथल्या टेबलांवरून नजर फिरवताना मला एकच प्रश्न छळतो: पोलीस आले तेव्हा त्यांच्यापुढे कोणतं पुस्तक उघडं होतं? कुठलं पान? खूण म्हणून त्यांनी काही ठेवलं का, दोऱ्याचा तुकडा, कागदाची चिठ्ठी, की नुसताच कोपरा मनात दुमडला? त्या उठून गेल्यावर पंख्याच्या वाऱ्याने ती पानं किती वेळ उलटत राहिली आणि अखेर ती कुणी मिटली? इतिहासाच्या पुस्तकांत अटकेची नोंद असते. मिटलेल्या पुस्तकाची नसते.

आज दुर्गाबाईंची आठवण निघते ती बहुतेक या दोन प्रसंगांपुरती. कऱ्हाड आणि तुरुंग. जयंतीला, पुण्यतिथीला लेख येतात त्यांत 'रणरागिणी' येतेच. माझं याच्याशी भांडण आहे. रणरागिणी म्हटलं की ते धैर्य कुठून तरी आकाशातून कोसळल्यासारखं वाटतं, आणि मग ते आपल्याला लागू नाही असं म्हणून आपण सुटतो. त्यांचं धैर्य त्यांच्या टेबलावर तयार झालं, त्यांच्या चुलीपुढे आणि आजारपणातल्या खिडकीशी. जी बाई पानाच्या शिरेला खोटं पडू देत नाही, टाका चुकला तर उसवून पुन्हा घालते, पाली कथेतल्या सशाच्या आत्मदानाला नेमका शब्द मिळेपर्यंत थांबते, तिला भर सभेत खोटं वागणं जमलंच नसतं. कऱ्हाडला त्यांनी काही वेगळं केलं नाही. रोज करायच्या तेच केलं, फक्त समोर माणसं जास्त होती.

हे लिहिताना मी त्यांना देव्हाऱ्यात बसवते आहे असं कुणाला वाटेल. नाही. त्या कठोर होत्या, जिभेला धार होती, आणि ती धार कधीकधी नको तिथे चालली. 'आठवले तसे' वाचताना काही माणसांविषयीचे त्यांचे शेरे मला आजही खटकतात. इतक्या सावकाश झाड पाहणारी नजर माणसाच्या बाबतीत इतकी घाई का करते, असं वाटून मी पुस्तक बाजूला ठेवलेलं आहे. पुन्हा उचललंही आहे. आत्या म्हणायची, तिखट मिरचीलाच वास असतो. ते दुर्गाबाईंविषयी नव्हतं, थोरल्या नणंदेविषयी होतं, पण चालून जावं.

आणीबाणी संपली. त्यांना मान देऊ करायला माणसं आली, पद्मश्री, ज्ञानपीठ. त्यांनी ते घेतले नाहीत. यावरही खूप लिहून झालेलं आहे. मला वाटतं, सरकारी शालीपेक्षा स्वतः विणलेली शाल त्यांना अधिक ऊब देत असणार, आणि यात विनोद फार थोडा आहे.

म्हातारपण त्यांनी मुंबईतच काढलं. प्रतिभा रानड्यांनी त्यांच्याशी केलेल्या गप्पांचं पुस्तक आहे, 'ऐसपैस गप्पा: दुर्गाबाईंशी', ते वाचताना कानाशी एक आवाज येत राहतो, थकलेला पण अजिबात न मवाळलेला, एका विषयावरून दुसऱ्यावर उडी मारणारा, मध्येच एखाद्या भाजीची कृती सांगून पुन्हा शंकराचार्यांकडे वळू शकेल असा. अखेरच्या काळात त्यांनी एक कविता लिहिली, 'देहोपनिषद'. मरणाविषयीची, आणि तरी उदास नसलेली. ज्या देहाने सुरणाचं विष सोसलं, तुरुंगाची फरशी सोसली, हजारो टाके घातले, हजारो पानं उलटली, त्या देहाला त्यांनी उपनिषदाचा मान दिला. पोथीतलं उपनिषद त्यांना तोंडपाठ असेल. हे त्यांनी स्वतःच्या हाडांत वाचलं.

७ मे २००२ रोजी त्या गेल्या, ९२ वर्षांच्या होऊन. इंग्रजी तारखेमुळे मी बरीच वर्षं त्यांचं जाणं वैशाखातलं समजत होते. एकदा सहज जुनं पंचांग काढून बघितलं. त्या वर्षी गुढीपाडवा १३ एप्रिलला होता. म्हणजे चैत्र अजून सरला नव्हता, वद्य पक्ष चालू होता. त्यांच्या पुस्तकातला पहिला लेख 'वसंतहृदय चैत्र'. शहरभर पिंपळाची तांबूस पालवी हिरवी होऊन गेलेली असणार, गुलमोहर पेटायच्या बेतात, आणि दुपारी रस्त्यांवर ते मुंबईचं घामेजलेलं, पांढरं ऊन.

त्यांच्यावरचे लेख वाचून दुर्गाबाई कळत नाहीत, हा लेखसुद्धा त्याला अपवाद नाही. 'ऋतुचक्र' आणा. एका बैठकीत वाचून टाकू नका. महिन्याला एक लेख, त्या त्या महिन्यातच, घरात कुणी ऐकणारं असेल तर मोठ्याने; मुलांना कळत नाही म्हणून थांबू नका, त्यांच्या हातात शेंगा द्या. आणि चैत्राची वाट पाहत बसू नका. आज कोणता महिना चालू आहे ते भिंतीवरच्या कॅलेंडरात बघा आणि तिथूनच सुरुवात करा.